डस्टर डिझेल – टायमिंग बेल्टचं इस्टिमेट ३४ हजार?? एवढे लागतात का खरंच

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी. गाडी डस्टर ८५ पीएस डिझेल, २०१५ ची, मी दुसरा मालक, आत्ता ९२ हजार झालेत. आधीच्याने टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) बदलला होता का ते कळायला मार्ग नाही, सर्व्हिस रेकॉर्ड ६० हजारापर्यंतचं आहे, त्यात काही दिसत नाही. परवा एका मोठ्या मल्टीब्रँड वर्कशॉपला दाखवली (नाव लिहीत नाही) तर त्यांनी हे हातात दिलं, सगळं जीएसटी धरून:

टायमिंग बेल्ट + टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ९,८५०
वॉटर पंप ५,४००
एसी-अल्टरनेटरचा बेल्ट, टेन्शनरसकट ४,१५०
कूलंट १,९००
क्रँक सील आणि बोल्ट १,३००
डिकार्बनायझिंग (इंजिनातली काजळी साफ करणं) ३,५००
कन्झ्युमेबल्स ६५०
लेबर ७,२००
एकूण ३३,९५०

आणि घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो साहेब सहा हजार द्या, बेल्ट टाकून देतो, सकाळी सोडा दुपारी न्या. एकाच कामाला सहा आणि चौतीस?? गाडी विकायला काढली तर तीन-सव्वातीन लाख येतील, त्यातला दहावा हिस्सा एका रबरी पट्ट्यावर घालवायचा म्हणजे जिवावर येतंय. गाडीचं बाकी काही दुखत नाही, उत्तम चालते. कुणी केलंय का हे काम अलीकडे, पुण्यात किंवा आसपास?

डिझेलबुद्धी
टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेली, चेनवाली गाडी घ्या, सुखी व्हा. धागा बंद.

सिंहगडरोडवाला
@डिझेलबुद्धी, सल्ल्याबद्दल आभार, चेनवाल्या गाडीचे पैसे कुठे पाठवताय तेवढं सांगा.

उद्यमनगर_कोल्हापूर
गॅरेज आहे माझं, हेच काम करतो म्हणून लिहितो. दोन्ही आकडे खोटे नाहीत दादा, कामंच वेगळी आहेत. सहा हजारवाला फक्त बेल्ट बदलणार. टेन्शनर जुनाच, वॉटर पंप जुनाच. आता तुमच्या इंजिनात (१.५ डीसीआय, के९के म्हणतात ते) वॉटर पंप त्याच टायमिंग बेल्टवर फिरतो, डिझेलचा हाय प्रेशर पंपही त्याच बेल्टवर. म्हणजे उद्या वॉटर पंपाचं बेअरिंग वाजायला लागलं किंवा टेन्शनर जाम झाला तर नवा कोरा बेल्टसुद्धा घसरणार नाहीतर तुटणार. आणि पंप नुसता गळायला लागला तरी तो बदलायला परत सगळं उघडायचं, म्हणजे लेबर दुसऱ्यांदा. या कामात पैसा उघडण्या-बसवण्याचा आहे, बेल्ट एकटा बघितला तर दोन-अडीच हजाराची वस्तू.

लेबर जास्त का ते पण सांगतो कारण लोकांना वाटतं पट्टा काढला पट्टा घातला. इंजिन आडवं बसवलेलं आहे, बेल्ट येतो उजव्या बाजूला चेसिसच्या पत्र्याला चिकटून. उजवं चाक काढा, आतलं प्लास्टिक काढा, इंजिनला खालनं जॅक लावा, उजवं माउंट सोडवा, मग क्रँक पुली, मग कव्हर. त्यानंतर क्रँकला (पिस्टन फिरवतात तो खालचा शाफ्ट) आणि कॅमला (व्हॉल्व उघडणारा वरचा शाफ्ट) पिन मारून लॉक करायचं, मगच जुना बेल्ट सोडायचा. जो माणूस पिना न वापरता व्हाइटनरने खुणा करून बेल्ट चढवतो त्याच्याकडे गाडी सोडू नका, बाकी तो कितीही चांगला असू दे. आणि बेल्ट चढवल्यावर स्पॅनरने हाताने दोन फेरे फिरवून परत खुणा जुळतात का बघायचं, लगेच सेल्फ मारायचा नाही. क्रँक पुलीचा बोल्ट दर वेळी नवा, तो ताणून बसतो, जुना परत वापरायचा नसतो.

तुमच्या इस्टिमेटमधनं डिकार्बनायझिंग काढा, त्याचा बेल्टशी काय संबंध. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय ते विचारा, बहुतेक वेळा कापूस आणि क्लीनर असतो. पण एसी-अल्टरनेटरचा बेल्ट काढायला सांगू नका. बाहेरचा तो बेल्ट जुना झाला की त्याचे दोरे सुटतात आणि क्रँक पुलीच्या मागनं टायमिंगच्या कव्हरात ओढले जातात. मग टायमिंग बेल्टचे दात उडी मारतात. स्वस्तातला बेल्ट मोठ्या बेल्टला घेऊन बुडतो.

गोडबोली
हे वाचून आत्ताच्या आत्ता माझ्या सँट्रोचं बॉनेट उघडून बघावंसं वाटतंय. सँट्रो झिंग २००९, तिला पण बेल्टच आहे ना? मागच्या वर्षी नाशकात बेल्ट आणि टेन्शनर मिळून सगळे २८०० गेले होते. आमच्या मेकॅनिक काकांनी बॉनेटच्या आत स्टिकर लावलंय, तारीख आणि किलोमीटर लिहून.

उद्यमनगर_कोल्हापूर
ताई, हो बेल्टच. २८०० बरोबर आहेत. छोट्या पेट्रोल गाड्यांचं काम सोपं, जुनी आल्टो ८०० किंवा तुमची सँट्रो, दोन ते साडेतीन हजारात व्हायला हवं, तिथं कुणी दहा हजार सांगितले तर उठून यायचं. आणि ते स्टिकर प्रत्येकाने लावून घ्या, गाडी विकताना उपयोगी पडतं. वरच्या दादांची अडचण तीच तर आहे.

द्वारका_सर्कल
नाशिककर हजर. डस्टरवाल्यांनो एक फुकटचा सल्ला. हेच १.५ डीसीआय इंजिन लोगनमध्ये होतं आणि नंतर व्हेरिटोमध्ये, आणि त्या दोन्ही गाड्या आमच्या नाशकात बनायच्या. २००७ पासून टॅक्सीत किती लोगन पळाल्या बघा. त्यामुळे नाशकातल्या जुन्या फिटर लोकांना हे इंजिन झोपेत उघडता येतं. टेरानो, मायक्रा डिझेल, सनी डिझेल, स्काला, लॉजी सगळीकडे हेच. म्हणजे पार्ट दुर्मिळ नाहीत, "डस्टरचा माल येत नाही हो आता" असं सांगून जास्त लावत असेल तर ऐकू नका. फक्त चॅसी नंबर देऊनच किट मागवा, वर्षानुसार बारीकसारीक फरक असतात.

मी टेरानोचं केलं. गेट्सचं किट वॉटर पंपासकट साधारण साडेनऊ हजाराला आलं, लेबर चार हजार दिलं. कॉन्टी, आयएनए, एसकेएफ यांचीपण किटं मिळतात, कंपन्या स्वतः त्याच लोकांकडून घेतात बऱ्याचदा, वरचा डबा बदलतो. अर्थात नेटवर अर्ध्या किमतीत दिसलं की समजायचं काय ते. नाना पेठेत ओळखीच्या दुकानातून घ्या, पक्कं बिल घ्या.

निवृत्त_अभियंता
बिलाचा विषय निघाला म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत ८,००० असलेला पार्ट आधी १०,२४० ला पडायचा, आता ९,४४० ला पडायला हवा. लेबरवर आधीही १८ होता, आताही १८. काही ठिकाणी एस्टिमेट छापताना सिस्टिममध्ये जुनेच दर राहिलेले असतात किंवा जुना एमआरपी लावतात. पार्टची मूळ किंमत आणि कर वेगवेगळा लिहून मागा, "सगळं धरून" हा शब्दप्रयोग ग्राहकाच्या फायद्याचा कधीच नसतो.

दुसरे असे की मॅन्युअलमध्ये बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असतात आणि जे आधी येईल ते धरायचे असते. हे लोक विसरतात. रबर बसून बसून पण म्हातारे होते. २०१५ ची गाडी ४० हजार चाललेली असती तरी मी बेल्ट बदला असेच म्हटले असते.

सिंहगडरोडवाला
काका हे भारी. जीएसटीचं मी बघितलंच नव्हतं. पण एक शंका, बेल्ट उघडून बघून ठरवता येत नाही का? वरचं कव्हर काढून बघितलं तर चांगला वाटतोय असं जवळचा गॅरेजवाला म्हणतो, चिरा नाहीत, दात शाबूत आहेत. तसं असेल तर अजून १०-१५ हजार किमी ओढू का, दिवाळीनंतर बघू?

उद्यमनगर_कोल्हापूर
नाही. जुन्या काळचे बेल्ट चिरा पडून सांगायचे की मी जातोय. आताचे बेल्ट आतल्या दोऱ्यांवर जातात, वरनं बघून काय कळत नाही. आणि बघायचाच असला तर बेल्टपेक्षा ऑइल कुठं लागलंय का ते बघा. क्रँक सील किंवा कॅम सील पाझरलं की ऑइल बेल्टवर येतं आणि रबर फुगतं. म्हणून तर सील त्याच वेळी टाकायचं म्हणतो. कूलंटचा पांढरा-हिरवा डाग वॉटर पंपाखाली दिसला तर एक दिवस थांबू नका.

पोलोवाली
दिवाळीनंतर करू वाल्यांसाठी. आमच्या घरातल्या एका जुन्या डिझेल गाडीचा (कुठली ते सोडा) बेल्ट खंबाटकीच्या चढाला गेला. आवाज बिवाज काही नाही, एकदम इंजिन बंद, सगळे लाल दिवे, मागून ट्रकचे हॉर्न. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भराभर फिरत होतं, तेव्हाच टोइंगवाला म्हणाला बेल्ट गेलाय, परत सेल्फ मारू नका. पिस्टन आदळून आठही व्हॉल्व वाकले. हेड उतरवून व्हॉल्व, गाइड, हेड गॅस्केट, हेड बोल्ट, हेडला फेसिंग, परत नवं बेल्ट किट, ऑइल, कूलंट, टोइंग. ७८ हजार, ते पण बाहेरच्या गॅरेजला. पिस्टनवर नुसते डाग आले, फुटला असता तर इंजिनच बदलायचं होतं.

आणि इन्शुरन्सवाल्याने एका वाक्यात उडवलं, मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत येत नाही. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन होता तरी, तो पाणी शिरलं वगैरेसाठी असतो म्हणे. झीज म्हणजे मालकाचा प्रश्न.

सिंहगडरोडवाला
बापरे. ठीक, दिवाळी रद्द.

कोकणवारी_टूर्स
आमच्या जुन्या इनोव्हा (२.५ डी-४डी) बऱ्या हो या बाबतीत. मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवाच लागतो, लाखाला. दिवा लागला की गाडी गॅरेजला, चर्चा नाही. जागा पण भरपूर आहे पुढे, माउंट बिउंट सोडवायला नको, बेल्ट टेन्शनर आणि लेबर मिळून सात ते नऊ हजारात दरवेळी होतं. फक्त काही ड्रायव्हर लोक काय करतात, दिवा लागला की बेल्ट न बदलता दिवाच रिसेट करून घेतात मालकाला त्रास नको म्हणून!! जुनी इनोव्हा घेताना "दिवा लागत नाही" याला काही अर्थ नाही, बिल दाखव म्हणायचं. क्रिस्टाला चेन आली त्यामुळे हा विषयच संपला.

डिझेलबुद्धी
बघा मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो.

निवृत्त_अभियंता
चेन म्हणजे अमरपट्टा नव्हे. चेन ऑइलवर जगते. ऑइल बदलायला उशीर केला की चेन ताणते, तिचे गाइड आणि टेन्शनर झिजतात. सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ आवाज येतो तो त्याचाच. आणि ती बदलायची वेळ आली की बिल बेल्टपेक्षा मोठे येते, कारण बऱ्याच इंजिनांत ऑइल सम्पपर्यंत (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उघडावे लागते. फरक एवढाच की चेन आवाज करून सांगते, बेल्ट सांगत नाही.

आता तिसरा प्रकारही आहे, ऑइलमध्ये बुडालेला बेल्ट, इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये आहे. तिथे चुकीच्या ग्रेडचे ऑइल घातले की बेल्टचे रबर सुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसते. तो बेल्ट बदलणे हे घरगुती गॅरेजचे काम नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडे आमची होंडा ओडिसी, व्ही६, तिला पण बेल्ट. गाडी स्वतः डॅशवर कोड दाखवते, त्यात ४ आकडा आला की प्लग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप तपासणी, व्हॉल्व क्लिअरन्स असं सगळं एकदम. बाहेरच्या मेकॅनिकने १,१५० डॉलर सांगितले, डीलरने साडेपंधराशे. पार्ट किती म्हणाल तर आयसिनचं पूर्ण किट वॉटर पंपासकट अडीचशेच्या आत मिळतं, उरलेलं सगळं लेबर. तुमच्याकडे उलटं, ३४ हजारात लेबर सव्वासात हजार म्हणजे पाचवा हिस्सा. त्यामुळे इकडे लोक यूट्यूब बघून ड्राइव्हवेत स्वतः करतात. माझ्या एका शेजाऱ्याने केलं पण, क्रँकचा बोल्ट सुटेपर्यंत शनिवारचा रविवार झाला.

सिंहगडरोडवाला
आपल्याकडे ड्राइव्हवेत केलं तर सोसायटीचा चेअरमन येऊन उभा राहील :)

बरं अपडेट. काम झालं. मोठ्या वर्कशॉपला फोन करून डिकार्बनायझिंग काढा आणि नव्या जीएसटीने इस्टिमेट द्या म्हणालो तर २८ हजारावर आले, पण पिना आहेत का विचारल्यावर ॲडव्हायझरने "आमचे लोक एक्सपर्ट आहेत सर" एवढंच तीन वेळा सांगितलं, म्हणून नाही दिली. भोसरीत एक फिटर मिळाला, पूर्वी लोगनवर काम केलेला, त्याच्याकडे लॉकिंग टूलचा डबा समोर दिसत होता. बिल असं:

किट वॉटर पंपासकट १०,६००
बाहेरचा बेल्ट आणि टेन्शनर ३,३००
कूलंट १,२५०
सील, क्रँक बोल्ट १,४५०
उजवं इंजिन माउंट २,४००
लेबर ४,५००
एकूण २३,५००

माउंट इस्टिमेटमध्ये नव्हतं. सोडवल्यावर रबर फाटलेलं निघालं, त्याने फोटो पाठवला, हो म्हणालो. आयडलिंगला स्टिअरिंग थरथरायचं ते डिझेलमुळे असं मी समजत होतो, ते गेलं की हो! जुना टेन्शनर हातात घेऊन फिरवला तर खरखर येत होती. आणि जुन्या बेल्टवर अक्षरं पुसट झालेली पण कंपनीचाच मूळ बेल्ट वाटत होता, म्हणजे दहा वर्षं तोच.

उद्यमनगर_कोल्हापूर
२३,५०० मध्ये माउंटसकट, रास्त आहे. कोल्हापुरात दीड-दोन हजार कमी लागले असते, पण यायचं-जायचं डिझेल धरलं तर तेच. आता एक करा, हजारभर किलोमीटरनंतर कूलंटची पातळी बघा आणि थंड इंजिनला कुठनं किरकिर येते का ऐका. बेल्ट जास्त ताणला गेला असला तर कुईं असा आवाज येतो.

गोडबोली
जुने पार्ट परत मागितलेत ना? आमचे काका न मागता पिशवीत घालून देतात, पण सगळेच देत नाहीत.

सिंहगडरोडवाला
दिले. डिकीत आहेत. मुलाने टेन्शनर खेळायला घेतलाय.

पोलोवाली
आता माझा प्रश्न. सध्याची गाडी पोलो १.५ टीडीआय २०१६, ८१ हजार. एकाने २९ हजार सांगितलेत, दुसऱ्याने १६. वॉटर पंप दोघांनी धरलाय. १६ वाला म्हणतो पंप बाहेरच्या कंपनीचा टाकतो आणि कूलंट कंपनीचंच हवं असं काही नाही. चालेल का?

उद्यमनगर_कोल्हापूर
पंप बाहेरचा चालेल, डब्यावर नाव बघा आणि त्याच्या आतला पंखा धातूचा की प्लास्टिकचा ते विचारून घ्या. कूलंटमध्ये काटकसर नको. हिरवं कुठलंही आणि गुलाबी-जांभळं एकत्र केलं की चिखल होतो आणि हीटरची कॉइल चोंदते. गाडीत आत्ता कुठलं आहे ते बघून तेच ग्रेड लिहून घ्या. १६ वाल्याकडे त्या इंजिनाची लॉकिंग टूल असतील तर १६ वाला घ्या, वाचलेल्या पैशातलं हजारभर चांगल्या कूलंटवर घाला.

पोलोवाली
टूलचा फोटो मागवलाय. पाठवला तर इथे टाकते, तुम्ही बघून सांगा त्याच इंजिनाचे आहेत का.

उद्यमनगर_कोल्हापूर
टाका. उद्या सकाळी बघतो, आत्ता एका स्कॉर्पिओचं गिअरबॉक्स उघडून ठेवलंय.